छाती साफ आहे

माझा कान फार चांगला होता. हे फुशारकीने सांगत नाही. या कानाने माझ्या माणसांचं जे केलं ते सांगायचं, तर आरंभ कानापासूनच करावा लागतो.

मी पुण्यात सरकारी जासूद होतो. लखोटा कमरेला बांधून पळणं हा आमचा धंदा. घोडेस्वार आम्हाला हसत. पण स्वाराला दाणा लागतो, नालबंद लागतो, आणि घाटात घोडा रुसला की स्वार त्याच्या नाकदुऱ्या काढत बसतो. आमचं भाकरी, कांदा आणि ठाण्याच्या नाइकाच्या शिव्या एवढ्यावर भागे. आता पाय गेले. दफ्तराच्या दारात आल्यागेल्याला बसायला सांगण्याचं काम मला दिलं आहे. तिथल्या एका कारकुनाने हौसेने मला अक्षरं शिकवली. म्हातारा देवाचं नाव लिहीत बसेल असं त्याला वाटलं असावं.

जासूद कधी एकटा जात नाही, जोडी जाते. एकाला वाटेत काही झालं तर दुसऱ्याने त्याचा लखोटा घ्यायचा, जमलं तर त्यालाही घ्यायचं. परत आल्यावर वेळ धरली जाई ती मागून येणाऱ्याची. पुढे आलेल्याने कितीही ऐट केली तरी नाईक त्याच्याकडे ढुंकून बघत नसे. "अर्धी जोडी आली. उरलेली अर्धी कुठे सांडलीत?" एवढंच विचारी.

माझा जोडीदार म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्यांना मी दाजी म्हणे. मूळचे हडपसरचे, शेतकऱ्याच्या घरचे. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण बहिणीचा नवरा म्हटल्यावर अहो-जाहो आलंच. ते मला पाव्हणं म्हणत. लग्नानंतर मीच त्यांना या कामात आणलं. शेतात चार भावांच्या मागे ते पाचवे, शिवाय पाय लांब आणि दम दांडगा. बहीण कसब्यात आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहील हा माझा स्वार्थही त्यात होताच. दाजींना कशाचा राग येत नसे. नाईक त्यांच्या 'हाय' आणि 'न्हाई'ची नक्कल करी, तर हेच सगळ्यांत मोठ्याने हसत. असल्या माणसाबरोबर सहा वर्षं पळलो. या सहा वर्षांत आमचं एकदाच भांडण झालं, तेही कोणाच्या भाकरीत मीठ जास्त आहे यावरून.

आमच्या ठाण्यात एक रीत होती. दुसरीकडे कुठे होती की नाही मला ठाऊक नाही. लांबच्या वाटेला निघण्याआधी जोडीतल्या एकाने दुसऱ्याच्या उघड्या पाठीला कान लावायचा. पाठमोऱ्याने दहा वेळा खोल श्वास घ्यायचा. मग कान लावणाऱ्याने नाइकाला सांगायचं, "छाती साफ आहे." नंतर पाठी बदलायच्या. ही रीत नाइकाने घातली होती. तो म्हणे, "वैद्य ऐकेल आणि घरी जाऊन जेवेल. ज्याला पुढे ओझं उचलायचं आहे त्यानंच ऐकावं, म्हणजे खोटं बोलणार नाही." पडशाबद्दलचा त्याचा नियमही साधा होता. पडसं नाकात असेल तर खुशाल पळा, घाम निघेल, मोकळं वाटेल. ते छातीत उतरलं असेल तर घरी पडून राहा. पाठीत घरघर ऐकू आली की तो माणूस त्या दिवशी बाद, मग त्याला स्वतःला कितीही उड्या मारता येवोत.

आणि माझा कान असा, की दुसऱ्यांना घरघर ऐकू यायच्या दोन दिवस आधी मला ती लागे. इतर जोड्याही मला बोलावून घेत, जरा ऐक रे म्हणत. मी ऐकून सांगितलं की नाईक दुसऱ्यांदा विचारत नसे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास बातमी आली, की फौज उत्तरेला, हिंदुस्थानात निघणार आणि जासूद तिच्याबरोबर जाणार. आमच्या ठाण्यात बारा जोड्या. त्यांतल्या फक्त चार पुण्यात ठेवायच्या, बाकीच्यांनी उत्तरेला कूच करायचं. उत्तरेला गेलेला माणूस दोन वर्षांनी येईल, तीन वर्षांनी येईल, न येईलही. कोणत्या चार ठेवायच्या हे ठरवायला नाइकाने सरळ उपाय काढला. बाराही जोड्यांनी पहाटे पुण्याहून निघायचं, सिंहगडावर लखोटा द्यायचा, किल्ल्यावरच्या कारकुनाची पोच घ्यायची आणि परत यायचं. पहिल्या चार जोड्या पुण्यात. ज्या जोडीची छाती साफ नसेल ती पळणार नाही, म्हणजे ती उत्तरेला गेलीच. तिथल्या मुक्कामापर्यंत पडसं बरं होईल, असंही तो वर म्हणाला.

माझ्या बहिणीला तेव्हा सातवा महिना होता. सहा वर्षांनी पहिल्यांदा. त्याआधी नवस, उपास, अंगारे सगळं झालेलं. दाजी दिवसातून चार वेळा काहीतरी निमित्त काढून घरी जाऊन यायचे. पाळण्याचं लाकूड त्यांनी हडपसरहून खांद्यावर आणून ठेवलं होतं. बहीण मला एवढंच म्हणाली, "दादा, काही कर, पण यांना पुण्यात ठेव." लहानपणापासून तिने माझ्याकडे फारसं कधी काही मागितलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "तू पाळण्याचं बघ, पळायचं मी बघतो."

भाऊबीज झाली आणि दाजी दोन दिवस हडपसरला गेले. भावाला शेतात पाटाचं पाणी धरायला माणूस हवा होता. भल्या पहाटे गुडघाभर गार पाण्यात उभे राहिले आणि नाक घेऊन परत आले. शिंकांवर शिंका. नाक लाल, डोळे पाणावलेले. पळायला चार दिवस होते. आम्ही हसलोच. बहिणीने सुंठ-गुळाच्या गोळ्या केल्या, तुळस आणि मिरीचा काढा केला, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायला दिली. दाजी मला म्हणाले, "पाव्हणं, सरावाला जायाचं का ऱ्हाऊ द्यायाचं?" मी म्हटलं, चला, घाम निघाला की पडसं निघतं. पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. खरोखरच येताना त्यांचं नाक मोकळं झालं होतं, आणि मी शहाण्यासारखा म्हटलं, "बघा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. येताना ते खोकले. एकदाच. मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः म्हटलं, आज विश्रांती. ते दिवसभर पांघरूण घेऊन पडले होते. बहीण दारात परात घेऊन बसली होती, तिला मी विचारलं, कसं आहे? ती म्हणाली, "नाकच वाहतंय." तिने माझ्याकडे बघितलं नाही, परातीतलं पीठ मळत राहिली. मीही आत जाऊन बघितलं नाही. उद्या बघायचंच आहे, असं मनाला सांगितलं.

पळायच्या दिवशी पहाटे आम्ही सगळे ठाण्याच्या अंगणात जमलो. थंडी चांगलीच पडली होती. नाइकाने पाण्याने भरलेलं घंगाळ मांडलं होतं, त्यात भोक पाडलेली वाटी तरंगत होती. वाटी भरून बुडाली की एक घटका. किती वाट्या बुडाल्या त्यावरून वेळ कळायची. जोड्या एकेक करून पुढे येत होत्या, पाठी उघड्या करत होत्या. आमची पाळी आली. आधी दाजींनी माझी पाठ ऐकली आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "साफ हाय, नाईक." नाईक म्हणाला, "हाय तर हाय."

मग दाजी पाठमोरे झाले. अंगरखा वर केला. पाठ गरम होती. पळून आल्यावर लागते तशी नव्हे, चुलीशेजारची भिंत लागते तशी गरम. मी उजव्या बाजूला खाली, कमरेच्या चार बोटं वर कान लावला. त्यांनी श्वास घेतला.

ती घरघर मी अजून ऐकतो. उकळी फुटायच्या आधी भाताच्या भांड्यात बारीक बारीक बुडबुडे येतात, तसा आवाज होता. डावीकडे नव्हता, वर नव्हता. उजवीकडे खाली, श्वासाच्या टोकाला. दुसऱ्या कोणाला लागला नसता. मी पुन्हा कान लावला. पुन्हा तेच.

दहा श्वासांत माणूस किती विचार करू शकतो याचा मला तोवर अंदाज नव्हता. घरघर आहे म्हणालो तर आम्ही दोघं उत्तरेला. बहीण एकटी बाळंत होणार. मूल चालायला लागेल, बोलायला लागेल आणि बाप दिल्लीच्या वाटेवर असेल. नाही म्हणालो तर आजचा एक दिवस. एका दिवसाने काय होतं? गडी दांडगा आहे. घाम निघेल. यातलं बरंचसं मी बहिणीसाठी म्हटलं हे खरं आहे. पण सगळं सांगायचं ठरवलंच आहे तर हेही सांगतो, की समोर अकरा जोड्या उभ्या होत्या आणि ठाण्यातली सगळ्यांत वेगवान जोडी आमची होती. पळू नये असं मला वाटतच नव्हतं.

दाजींनी मान वळवून हळूच विचारलं, "पाव्हणं, काय ऐकू येतंय? खरं सांगा."

मी त्यांच्याच बोलीत म्हटलं, "साफ हाय."

ते हसले. "तुमी म्हणताय तर साफच असंल," म्हणाले आणि अंगरखा खाली केला. मग मी नाइकाकडे वळून मोठ्याने सांगितलं, "छाती साफ आहे, नाईक." त्याने मान डोलावली. त्याने मला दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, याचा विचार मी पुढे हजार वेळा केला. पण माझ्या कानावर त्याचा भरवसा होता.

धायरीपर्यंत सगळं मी म्हटलं होतं तसंच झालं. दाजींना घाम फुटला, नाक मोकळं झालं, रंग चढला. धायरीच्या अलीकडे ज्वारीचं शेत होतं, त्यातल्या राखणदाराला त्यांनी ओरडून विचारलं, "कणसं कधी भरायची?" मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. बारांमध्ये आम्ही दुसरे होतो. खडकवासल्यापर्यंत त्यांना खोकला आला नाही. पायथ्याशी आला तो थांबेना. तरी गड चढलो. अर्ध्या वाटेवर ते दगडाला टेकून उभे राहिले, दोन्ही हात गुडघ्यावर. मी म्हटलं, "बसू जरा?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. इतकं अबोल मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या जोडीला पोच देऊन गडावरचा कारकून स्नानाला गेला होता. आम्ही दरवाजाच्या आत उभे राहिलो. वर वारा असा, की घाम अंगावरच गार झाला. माझं उपरणं मी त्यांच्या खांद्यावर टाकलं, तर कारकुनाचा शिपाई म्हणाला, "हवा खायला आलात, तर खा ना पोटभर." दाजी या विनोदावर हसायला गेले आणि त्यांना हसता आलं नाही. पोच हातात पडेपर्यंत दोन जोड्या येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. कारकुनाने पोच त्यांनाही त्याच वेळी दिली. त्या आमच्या पुढे निघाल्या.

उतरताना दाजी म्हणाले, "कुशीत काटा टोचतोया." उजव्या कुशीत. मला विचारायची गरज नव्हती, कोणती जागा ते मला माहीत होतं. आम्ही अर्धं पळत, अर्धं चालत धायरीला आलो. तिथे एका घरापुढे पाणी प्यायला थांबलो. घरातली बाई तांब्या घेऊन आली. तिने दाजींच्या तोंडाकडे बघितलं, बेधडक त्यांच्या कपाळाला हात लावला आणि माझ्यावर ओरडली, "आरं, ह्यो मानूस जळतोय की! कुटं पळवतोस ह्याला? ठिव हितं. पडू दे सोप्यात. उद्या गाडीनं धाडू."

दाजी माझ्याकडे बघत होते. पहाटे अंगणात बघितलं होतं तसंच, मी काय म्हणतो त्याची वाट बघत होते.

पहाटेचं खोटं मी घाईत बोललो असं स्वतःला समजावता येतं. धायरीचं येत नाही. तिथे सावली होती, घोंगडी होती, देवासारखी बाई होती आणि वेळ होता. मी म्हटलं, "मावशी, थोडंच राहिलंय." दाजींची काठी मी घेतली, लखोट्याची रिकामी थैली घेतली, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे ढकलत निघालो. ती बाई वेशीपर्यंत मागे येऊन मला शिव्या देत होती. आयुष्यात इतक्या रास्त शिव्या मला कोणी दिल्या नाहीत.

आम्ही चौथे आलो. पाचवी जोडी पर्वतीच्या अलीकडे दिसू लागली होती. नाइकाने घंगाळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ठेवली ही जोडी." दाजी अंगणात भिंतीला टेकून बसले होते. ओठ निळसर, चेहरा शेणाने सारवलेल्या जमिनीसारखा. मी शेजारी बसलो तर माझा हात धरला आणि म्हणाले, "पाव्हणं, ऱ्हायलो पुण्यात."

राहिले. आठ दिवस राहिले.

त्या आठ दिवसांबद्दल फार लिहवत नाही. वैद्यबुवा रोज आले. पहिल्या दिवशी त्यांनी नाडी बघून विचारलं, "निघाला तेव्हा कफ होता का?" बहीण माझ्याकडे बघू लागली. मी बोलायच्या आधी दाजीच अंथरुणातून म्हणाले, "पाव्हण्यांनी ऐकलं व्हतं. साफ व्हती. वर वाऱ्यानं घात केला." एवढं बोलायला त्यांना तीन वेळा थांबावं लागलं. वैद्यबुवा म्हणाले, वारा वाईटच. मी घराबाहेर येऊन ओट्यावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. लोकांना वाटलं, मेव्हण्यावर किती जीव! जीव होताच. तो असून मी काय केलं, हेच तर मला कळत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी ते गेले. बहिणीला दोन महिन्यांनी मुलगी झाली. हडपसरहून आणलेल्या लाकडाचा पाळणा मीच करवून घेतला.

तेराव्यानंतर मी ठाण्यात गेलो तेव्हा नाइकाने मला नवा जोडीदार दिला. चांगला गडी होता. निघायच्या दिवशी त्याने पाठ माझ्यापुढे केली. मी नाइकाला म्हटलं, माझा कान बसला आहे, काही ऐकू येत नाही. नाईक माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडी आलेलं काहीतरी त्याने गिळलं, हे त्याच्या बाबतीत मी एवढं एकदाच पाहिलं. त्याने दुसऱ्या माणसाला ऐकायला सांगितलं. पुढे मी पळायचा थांबलो तोवर कोणाच्याही पाठीला कान लावला नाही.

वर्षं गेली. भाची मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती सासवडच्या बाजूला नांदायला गेली. बहीण आमच्याच घरी राहायला आली होती. दाजींबद्दल कोणी विचारलं की ती सांगायची, "दादानं स्वतः कान लावला होता हो. छाती साफ होती. गडावरच्या वाऱ्यानं घात केला." शेजारणींना सांगे, व्याह्यांना सांगे, मुलीला तर तिने हजारदा सांगितलं असेल. तिने ते म्हटलं की मी उठून बाहेर जाई. मला राग येई. तिच्यावर नाही, पण बाहेर पडे तो तिच्यावरच. भाजीत मीठ नाही, पाणी गार नाही, असं काहीही काढून मी तिच्यावर खेकसे. ती उलट बोलत नसे. त्याने मला आणखीच राग येई.

गेल्या पितृपक्षात दाजींच्या तिथीला हडपसरचे त्यांचे भाऊ जेवायला यायचे होते. बहीण सकाळपासून स्वयंपाकात होती. खीर झाली होती, वड्यांचं पीठ भिजलं होतं. शेजारची एक नवी सून अळूची पानं द्यायला आली आणि तिने साहजिक विचारलं, कशानं गेले? बहिणीने सांगितलं. तेच, त्याच शब्दांत. "दादानं स्वतः कान लावला होता. छाती साफ होती." सून हळहळून निघून गेली.

मी दारातच बसलो होतो. माझं वय झालं आहे, पाय सुजतात, आणखी किती पितृपक्ष बघेन ठाऊक नाही. मी म्हटलं, "साफ नव्हती."

ती पानांच्या शिरा काढत होती. हात थांबले नाहीत.

मी सगळं सांगितलं. उजवीकडे खाली घरघर होती. मला ऐकू आली. दोनदा ऐकू आली. मी नाइकाशी खोटं बोललो. धायरीला एक बाई त्यांना ठेवून घेत होती, तिथेही मी त्यांना ठेवलं नाही. एवढं बोलून मी थांबलो आणि ती आता माझ्या अंगावर काय फेकते याची वाट बघू लागलो. फेकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ती म्हणाली, "मला ठाऊक आहे."

"कसं ठाऊक आहे?"

"आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या पाठीला ओव्याचं तेल चोळलं. उजवीकडे हाताखाली घरघरत होतं. तळहाताला लागत होतं, दादा. तुझ्या कानाची काही गरज नव्हती."

ती तशीच मान खाली घालून बोलत राहिली.

"मी ठरवलं, आपण बोलायचं नाही. दादा उद्या ऐकेलच, दादा थांबवेल. मग देवापुढे दिवा लावला आणि त्याला सांगितलं, दादाला ऐकू येऊ देऊ नकोस. मला ते पुण्यात हवे होते रे. मला एकटीला बाळंत व्हायचं नव्हतं. तुला वाटतं मी लोकांना सांगते ते खरं वाटतं म्हणून सांगते? मी ते म्हणायची थांबले तर कोणीतरी मला विचारेल, 'मग तुला काय माहीत होतं?'"

इतकी वर्षं मी तिच्यापासून तोंड लपवत होतो आणि ती माझ्यापासून. एका घरात. मी तिच्यावर खेकसलो तेव्हा ती उलट का बोलत नव्हती ते मला आता कळलं, आणि आयुष्यभर तिच्यावर केलेल्या सगळ्या आरडाओरड्याची लाज एकदम अंगावर आली.

पानं बाजूला सारून तिने विचारलं, "पळायच्या आधी त्यांनी तुला काही विचारलं होतं का?"

मी म्हटलं, "विचारलं. काय ऐकू येतंय, खरं सांगा, म्हणाले."

ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघू लागली. म्हणाली, "मलाही विचारलं होतं. तेल चोळताना. हाताला काय लागतंय गं, म्हणाले."

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही, म्हटलं. पाठ तापली आहे शेकाने."

म्हणजे त्यांनी विचारलं होतं. एकदा नाही, दोनदा विचारलं. पुण्यात त्यांची आपली अशी माणसं दोनच होती आणि त्या दोघांनाही विचारलं. दोघांनाही खरं माहीत होतं.

आम्ही दोघं रडलो. मी मोठ्याने, ती नेहमीसारखी आवाज न करता. मग बाहेरून हडपसरच्या पाहुण्यांची हाक आली. तिने पदराने डोळे पुसले, मी भिंतीला धरून उठलो आणि पाय धुवायला त्यांना पाणी दिलं. ती वडे तळायला लागली.